पत्रिका घरीच छापायची

२७ एप्रिल, रविवार
कल्पिताचं लग्न पक्कं झालं. १८ मे. मुलगा विनेश, मुरुडच्या बाजूचा, स्वतःची होडी आहे. आमची पोरगी म्हसळ्याला शाळेत शिकवते, तेव्हा पत्रिका शिकल्यासवरल्या घराला शोभेल अशीच हवी. बायको नीरा म्हणाली, श्रीवर्धनच्या प्रेसमध्ये टाकू. मी म्हटलं, प्रेस कशाला? घरात कॉम्प्युटर आहे आणि मी आहे.

या कोळीवाड्यात कॉम्प्युटरला पहिला हात कुणी लावला? मी. मच्छीमार सोसायटीत डिझेलच्या नोंदी मीच करायचो. सोसायटीनं नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना मी घरी आणला. तो फक्त मला ओळखतो. बाकी कुणी बटण दाबलं तर सुरूच होत नाही.

प्रिंटर करमअलीचाचांनी दिला. बहारीनहून परत आले तेव्हा आणला होता, माळ्यावर खोक्यात पडून होता. देताना त्यांना फारच आनंद झाला.

पहिली पत्रिका काळूदादाला जाणार. थोरला भाऊ असला तरी तीन वर्षं आमचं बोलणं नाही. मी त्याच्या होडीवर मासे दाखवणारं यंत्र बसवून दिलं होतं. त्या यंत्राच्या नादानं होडी खडकाजवळ गेली, जाळी फाटली. दोष सॅटेलाइटचा होता. (त्या यंत्राला सॅटेलाइट लागतच नाही, असं कल्पिता म्हणते. शाळेत शिकवते म्हणून सगळंच कळतं असं नाही.) पण दादानं होळीसमोर अख्ख्या वाड्यादेखत सांगितलं की धर्माजीनं यापुढे कुठल्या यंत्राला हात लावू नये. मला! आता घरच्या प्रिंटरवर छापलेली पत्रिका हातात पडली की बोलतीच बंद होईल त्याची.

आणि तो यायलाच हवा. आमच्यात मांडवाची पहिली मेढ घरातला थोरला रोवतो. बाबा गेल्यापासून थोरला म्हणजे दादा. कल्पिता तर लहानपणी त्याच्या खांद्यावरून खालीच उतरायची नाही. तिनं विचारलं, काका आला नाही तर मेढ कोण रोवणार? मी म्हटलं, पत्रिका बघून धावत येईल.

संकल्प: आज संध्याकाळी प्रिंटर चालू. उद्या पत्रिका. परवा वाटप. एक घाव दोन तुकडे.

२७ एप्रिल, संध्याकाळ
प्लग भिंतीत जात नाही. तिकडच्या प्लगचे पाय चौकोनी आणि जाड. उद्या बोर्लीहून कन्व्हर्टर आणायचा. यात माझा दोष शून्य.

२८ एप्रिल, सोमवार
बोर्ली पंचतनला जाऊन कन्व्हर्टर आणला. प्रिंटरला दिवा लागला! नीराला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, दिवा तर फ्रीजलाही लागतो. अशा वातावरणात माणसानं काम करायचं.

प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर सगळी अक्षरं अरबीत. करमअलीचाचांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. मी विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, वाचता येतं रे, मायना न्हाय येत. मग इतकी वर्षं बहारीनमध्ये काय केलं, विचारलं. म्हणाले, एसी दुरुस्त केले. चहा घेऊन गेले.

अंदाजानं बटणं दाबली. प्रिंटर घरघरला. प्रगती आहे.

३० एप्रिल, बुधवार
भाषेचा प्रश्न सोडून दिला. इंजिनाला कुठे मराठी येते? तरी होडी चालतेच ना.

आता ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरची ओळख करून देणारा प्रोग्राम. सोयरिक जुळवणारा मध्यस्थच म्हणायचा. खोक्यात सीडी निघाली. कॉम्प्युटरचा सीडीचा ड्रॉवर उघडेना. नीराच्या पिनेनं उघडला. आत सोसायटीच्या सत्यनारायणाच्या वेळची गाण्यांची सीडी निघाली. किती वर्षं शोधत होतो! ऐकत बसलो. दुपार गेली, पण मन प्रसन्न झालं.

प्रिंटरची सीडी टाकली. कॉम्प्युटर विमान उडावं तसा ओरडला आणि गप्प झाला.

नीरानं विचारलं, काळूभावजींकडे कधी जाताय? मी म्हटलं, पत्रिका तयार झाली की पाठवतो. ती पदर खोचून उभीच राहिली. म्हणे, भावकीला कागद देतात का कधी? कागद परक्यांना. भावकीच्या घरी जायचं, पाटावर बसायचं, सुपारी ठेवायची आणि तोंडानं आवतण द्यायचं. मी म्हटलं, जग कुठं चाललंय आणि तू कुठं. ती म्हणाली, जग कुठंही जाऊ द्या, दादाचं घर मागच्या गल्लीत हाय.

मी जाणारच होतो. पण नुसत्या हातानं जाण्यापेक्षा छापील वस्तू घेऊन गेलेलं बरं.

१ मे, गुरुवार
सुट्टी. आज तडीस न्यायचंच.

ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यायचा ठरवला. कल्पिताच्या मोबाइलचं नेट जोडलं. वेबसाइट म्हणते, धोका आहे, पुढे जाऊ नका. एक, दोन, सगळ्याच वेबसाइट तेच म्हणतात. सगळं जगच आज धोकादायक झालं.

कल्पितानं मागून बघून सांगितलं की बाबा, कॉम्प्युटरची तारीख बघा. तारीख होती १ जानेवारी २००२. आतला सेल संपलाय म्हणे, म्हणून बंद केला की घड्याळ मागे जातं. मी म्हटलं, मला माहीत होतं, तुझी परीक्षा घेत होतो. सेल बोर्लीला मिळतो. पण सेलसाठी परत बोर्ली? रोज हातानं तारीख घालीन. मनगटात जोर आहे अजून.

२ मे, शुक्रवार
तारीख घातली. वेबसाइट उघडली. तिनं विचारलं, ड्रायव्हर बत्तीस बिटचा की चौसष्ट? मी चौसष्ट घेतला. लग्नकार्य आहे, कमी कशाला?

डाउनलोड व्हायला दुपार लागली. मग कॉम्प्युटर म्हणाला, हा चालणार नाही.

डोकं फिरलं. तेवढ्यात वीज गेली. वीज आली तेव्हा परत २००२.

४ मे, रविवार
काल काही लिहिलं नाही. मन:स्थिती नव्हती.

नीरा आणि कल्पिता पाहुण्यांची नावं काढत होत्या. कल्पिता म्हणाली, तुम्ही काकाकडे गेलात की मगच माझी हळद. अगदी शांतपणे म्हणाली. ही पोरगी शांत झाली की मला घाम फुटतो. तिला सांगितलं की तुझा काका येणार, माझा शब्द आहे, फक्त प्रिंटरचं एवढं होऊ दे. ती म्हणाली, काकाचा आणि प्रिंटरचा काय संबंध?

हिला तांत्रिक बाजू समजत नाही.

आज बत्तीसचा ड्रायव्हर उतरवून बघितला, निव्वळ प्रयोग म्हणून. अर्ध्यापर्यंत गेला. मग पडद्यावर आलं की प्रिंटरची केबल आता जोडा. आता? केबल तर मी पहिल्या दिवसापासून जोडून ठेवलीय! हुशारीनं आधीच जोडली तर तोच गुन्हा. कल्पितानं पुस्तिकेचं पहिलं पान उघडून दाखवलं. त्यावर हाताचं चित्र, केबलवर लाल फुली, मोठ्या इंग्रजी अक्षरात सूचना, की सांगेपर्यंत केबल जोडू नये. मी म्हटलं, पुस्तिका नवख्यांसाठी असते.

६ मे, मंगळवार
विजय! ड्रायव्हर बसला. कॉम्प्युटरवर प्रिंटरचं चित्र आलं. त्याखाली शब्द: रेडी.

नीराला म्हटलं, बघ. नीरा म्हणाली, छापा.

प्रिंट दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग चित्राखाली शब्द आला: ऑफलाइन. अरे, माझ्या शेजारी टेबलावर बसलाय, त्याची वायर माझ्या पायाला लागतेय, आणि म्हणे ऑफलाइन! हा तर दादासारखाच. मागच्या गल्लीत राहतो आणि ओळख दाखवत नाही.

रागानं प्रिंट दाबत राहिलो. किती वेळा ते माहीत नाही.

७ मे, बुधवार
कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. बराच वेळ सनई वाजली. मग एक बाई आल्या, फार गोड बोलल्या. प्रिंटरचा नंबर विचारला. सांगितला. त्या म्हणाल्या, सर, हे मॉडेल आपल्या भागात विकलंच जात नाही. मी म्हटलं, बाई, माझ्या टेबलावर आहे. त्या म्हणाल्या, हो सर, पण विकलं जात नाही. त्याला इकडची शाईसुद्धा चालणार नाही म्हणाल्या, आत आहे तेवढीच. मग म्हणाल्या, आणखी काही मदत करू का?

आणखी!

करमअलीचाचा ओट्यावर बसले होते. त्यांना म्हटलं, चाचा, काय हे गळ्यात बांधलंत. ते म्हणाले, मी कुठं बांधलं, तू उचलून न्हेलंस. मग हळूच म्हणाले, काळू काल जेट्टीवर भेटलेला, पोरीचं लग्न कधी म्हणून विचारत होता. मी विचारलं, तुम्ही काय सांगितलं? म्हणाले, सांगितलं, तुझ्या भावाला विचार. दादानं मान फिरवली म्हणे.

बघा. ताठा किती.

८ मे, गुरुवार
केबल काढून दुसऱ्या भोकात घातली. प्रिंटर थरथरला. दिवे लागले. आणि छापायला लागला!

मी ओरडलो. नीरा धावत आली, हाताला मसाला तसाच. पानं येतच राहिली. परवा रागात दाबलेले सगळे प्रिंट त्यानं लक्षात ठेवले होते. आणि ती पत्रिका पक्की नव्हती, नमुन्याची होती. वधूच्या नावाच्या जागी मी नुसतं 'अमुक' आणि वराच्या जागी 'तमुक' टाकलं होतं. अमुक आणि तमुक यांचा शुभविवाह. अख्खा गठ्ठा. बंद करायचं बटण अरबीत. शेवटी वायर उपटली.

काळी शाई संपली. कल्पिता हसत सुटली, मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. हसता हसता रडू येतं कधीकधी. लग्नाआधी मुलींचं असं होतंच.

एवढं मात्र सिद्ध झालं की प्रिंटर चालतो. दोष शाईचा.

१० मे, शनिवार
गुलाबी शाई शिल्लक आहे. लग्नाला गुलाबीच शोभते. काळा रंग तसाही अशुभ.

नवी अडचण. कागद अडकतोय. खाऱ्या हवेनं सगळे कागद सर्दावलेत, हाताला ओले लागतात. एकात एक चिकटून आत जातात आणि चुरगळून बाहेर येतात. मी डोकं चालवलं. दारात नीराची बोंबील वाळवायची बांबूची वलांडी आहे. अर्धी रिकामी होती. कागद एकेक करून चिमट्यानं टांगले. मे महिन्याचं ऊन, खाडीवरचा वारा. इंजिनिअरला तरी सुचलं असतं का?

कागद वाळले, कडकडीत. फक्त बोंबलासारखे वळले. आणि वासही. नीरा म्हणाली, पत्रिका वाचायची का आमटीत टाकायची? वाड्यातल्या मांजरी सकाळपासून प्रिंटरभोवती बसल्यात. एकीनं ट्रेमधला कागद चाटला.

कागद गादीखाली सपाट करायला ठेवलेत. त्यावर मी झोपणार. लेकीसाठी माणूस काय काय करतो.

१२ मे, सोमवार
तारीख घातली. केबल काढली, घातली. कागद घातला. श्वास रोखला.

निघाली! एक पत्रिका. फिकट गुलाबी, उन्हात धरली तर नीट वाचता येते. एका कोपऱ्यात पट्टा आलाय, तो डिझाइनचा भाग वाटतो. खाली निमंत्रकांमध्ये पहिलं नाव काळूरामदादाचं घातलं, माझ्याही आधी. आता बोल म्हणावं!

दुसरी निघाली नाही. पण पहिली महत्त्वाची.

पाकिटात घालून, हळदकुंकू लावून करमअलीचाचांबरोबर पाठवली. मी स्वतः गेलो असतो, पण प्रिंटर तापला होता, त्याला सोडून जाणं बरोबर नव्हतं.

१२ मे, संध्याकाळ
चाचा परत आले. पायरीवर बसले, घाम पुसला. दादा जाळं सांधत होता म्हणे. पाकीट उघडलं, वाचलं, वास घेतला. वहिनीला दाखवलं. मग पत्रिका चाचांच्या हातात परत दिली आणि म्हणाला, करमअली, पत्रिका परक्यांना देतात. माझ्या भावाला सांग, मला आवतण पोचलं नाही.

पोचलं नाही? हातात धरून पोचलं नाही?

चाचा म्हणाले, एकदा जाऊन ये, दहा पावलांचं काम हाय. मी म्हटलं, चाचा, तुम्हाला आमच्यातलं कळणार नाही. ते म्हणाले, आमच्यातबी असंच हाय. दावतीला सख्ख्या भावाला कार्ड पाठवलं तर वर्षभर सलाम घेत न्हाय.

नीरानं भांडी जोरात घासली.

१४ मे, बुधवार
प्रिंटर बंद. दिवाही नाही. बहुतेक कन्व्हर्टर जळला. कागदाच्या ट्रेमध्ये बोंबलाचा तुकडा सापडला, तो तिथे कसा गेला याची चौकशी करायला हवी.

आज कळलं की पत्रिकेचं सगळं आधीच उरकलंय. कल्पितानं महिन्याच्या सुरुवातीलाच मोबाइलवर पत्रिका बनवून सगळ्या पाहुण्यांना पाठवली. आणि नीरा वाड्यात घरोघरी सुपारी घेऊन फिरून आली. मला का नाही सांगितलं, विचारलं. नीरा म्हणाली, तुम्ही कामात होता.

मोबाइलवरच्या पत्रिकेत काही जीव नसतो. पण असो.

मागच्या गल्लीतलं एकच घर राहिलंय. तिथे मी जायचं, असं दोघींनी ठरवलंय. जाणार आहे. उद्या.

१५ मे, गुरुवार
आज निघालो होतो. पायात चप्पल घातली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथे आठवलं की कन्व्हर्टरची पावती शोधायची आहे, बदलून मिळेल. परत आलो. पावती सापडली नाही.

जाऊन बोलायचं तरी काय? दादा, पोरीचं लग्न आहे, ये. एवढंच तर आहे. ते तर त्याला माहीतच आहे. माहीत असलेलं परत सांगण्यात काय अर्थ.

१६ मे, शुक्रवार
उद्या सकाळी मेढ, संध्याकाळी हळद. मांडवाचे बांबू आले. मेढ अंगणात आडवी पडलीय, आंब्याचा डहाळा बांधून तयार. येणारा-जाणारा तिच्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. शेजारी म्हणाला, धर्माजी, तूच रोव. मी म्हटलं, थोरला जिवंत असताना? भलतंच.

कल्पिता दुपारी कुठेतरी जाऊन आली. मैत्रिणीकडे असेल. मी प्रिंटर उघडून बघत होतो.

रडत नाहीये ती. माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, बाबा, जेवा. बस, एवढंच. प्रिंटर गेला चुलीत. उद्या उजाडताच जातो. कागद नाही, काही नाही. सुपारी घेऊन. दादानं दारातून हाकललं तरी चालेल.

१७ मे, शनिवार
उजाडताच निघालो. कुणाला सांगितलं नाही. खिशात सुपारी. गल्लीत बराच वेळ येरझाऱ्या घातल्या, तोंडातल्या तोंडात वाक्य घोकत. दादा, चुकलंमाकलं पोटात घाल. कल्पिताची मेढ तुझ्या हातानं व्हायला हवी. चांगलं वाक्य होतं. बाबांनासुद्धा आवडलं असतं.

दाराशी उभा राहिलो. आतून वहिनी आली. तीन वर्षांनी समोर. मला बघून तिचा हात तोंडावर गेला. मी म्हटलं, वहिनी, पाट द्या, आवतण द्यायला आलोय. तिनं पाट दिला. मी बसलो. सुपारी ठेवली. विचारलं, दादा कुठाय?

वहिनी म्हणाली, भावजी, ते तर तुमच्याकडेच गेलेत. काल कल्पिता आलेली, ह्याच पाटावर बसली, सुपारी ठेवली, त्यांच्या गळ्यात पडून रडली. आज उजाडायच्या आतच पहार खांद्यावर टाकून निघाले, किनाऱ्याकडच्या लांबच्या वाटेनं. म्हणत होते, खड्डा नीट खणायचा, माझ्या पोरीचा मांडव हाय.

वहिनीनं पाणी दिलं. प्यायलो. माझं वाक्य तिलाच म्हणून दाखवलं. तिनं पदरानं डोळे पुसले, म्हणाली, सगळं आवरून संध्याकाळी हळदीला येते.

धावत घरी आलो. मुहूर्तावर मेढ रोवून झाली होती. नारळ फुटला होता, बायकांचं गाणं संपत आलं होतं. कल्पिता दादाच्या दंडाला धरून उभी, तोंडभर हसत. दादाचे हात मातीनं भरलेले. माझ्या लेकीच्या मांडवाची मेढ रोवताना सगळा वाडा होता, मी सोडून.

सगळे माझ्याकडे वळले. नीरानं कपाळावर हात मारला. दादानं विचारलं, कुठं व्हतास रे? मी तोंड उघडलं, पण धाप लागली होती. दादाच पुढे म्हणाला, समजलो, प्रिंटर बघत व्हतास. आणि हसला. पोट धरून हसला. त्या होळीच्या आधी हसायचा तसा. मग वाडा हसला. कल्पिताही.

मी म्हटलं, होय दादा. प्रिंटरच बघत होतो.